घरांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

मनुष्य आजारी पडला म्हणजे आपण वैद्यास बोलावतो; परंतु ज्या घरात तो आजारी पडला, त्या घराची नाडी कोण पाहणार? हा प्रश्न ज्यांनी जन्मभर विचारला त्या पॅट्रिक गेडिस यांचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस असावा, असे आम्हांस वाटते. कारण त्यांच्या कार्याचा मोठा भाग हिंदुस्थानात घडला आणि इंदूर व बडोदे ही मराठी वस्तीची नगरेही त्याचा लाभ घेऊ शकली.

गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. मूळचा अभ्यास जीवशास्त्राचा. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली व सूक्ष्मदर्शकाचे काम कायमचे दुरावले. मग वनस्पती व प्राणी यांच्याबरोबर मनुष्य आणि त्याचे निवासस्थान हाही त्यांच्या चिंतनाचा विषय झाला. १८८६ साली अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या दाटीच्या, कळकट चाळीत मुद्दाम राहावयास गेले. शेजाऱ्यांना उपदेश करीत न बसता त्यांनी स्वतः झाडलोट केली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. हळूहळू शेजारीही हाती कुंचला घेऊन पुढे आले.

१९१४ साली ते हिंदुस्थानात निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले; तरी मित्रांच्या साह्याने नवे साहित्य जमवून त्यांनी काम आरंभिले. त्या काळी रोगराई हटविण्यासाठी दाट वस्तीतून रुंद सरळ रस्ते काढीत व आड येणारी घरे पाडून टाकीत. गेडिस यांनी या उपायास विरोध केला. बेघर झालेला गरीब कोठे जाणार? तो शेजारच्या गल्लीत शिरतो, तेथील गर्दी दुप्पट होते आणि रोगही त्याच्या मागोमाग जातो. म्हणून ते गल्लोगल्ली पायी हिंडत. अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे तेवढी काढावीत, त्या जागी झाडे व चौक करावेत, उरलेली घरे दुरुस्त करून वारा व उजेड आत घ्यावा, असा त्यांचा मार्ग होता. त्यात खर्च कमी आणि अश्रूही कमी.

१९१७ साली त्यांच्यावर दुहेरी आघात झाला. थोरला मुलगा महायुद्धात पडला. ती वार्ता आजारी पत्नीस सांगण्याचे धैर्य त्यांना झाले नाही, आणि थोड्याच दिवसांत तीही कलकत्त्यास तापाने निवर्तली. हे दुःख उरात ठेवूनच त्यांनी होळकर दरबाराच्या इंदूरचे काम केले.

इंदुरास प्लेगने ग्रासले होते. प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे, आणि उंदीर वाढतात ते पडक्या भिंतींत, उकिरड्यांत व उघड्या धान्यात. हे नुसते सांगून कोण ऐकणार? गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक योजिली आणि जो भाग सर्वांत स्वच्छ होईल तेथूनच ती जाईल, असे जाहीर केले. सारे शहर कामास लागले. गाड्यांमागून गाड्या कचरा बाहेर गेला, घरांची डागडुजी झाली. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, घाणीचा राक्षस होता; आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेले, हार घातलेले सफाईकामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस व उंदीर यांचे दहन झाले. आमच्या मते त्या मिरवणुकीचे खरे मानकरी ते सफाईकामगारच होते. इंदूरविषयी त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

पुढे १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणास जन्मलेले थोर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांना विलायतेस उच्च शिक्षणासाठी पाठविण्यात त्यांचाच पुढाकार होता. १९३२ साली फ्रान्समधील माँपेल्ये येथे त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, ओलसर भिंत, कोंदट खोली, तुंबलेले गटार ही दैवाची देणगी नव्हे. शेजाऱ्याचे घर निरोगी नसेल तर आपलेही सुरक्षित नाही, आणि त्याला हुसकावून लावल्याने रोग जात नाही. त्याच्याबरोबर उभे राहून भिंतीस चुना देणे, हाच गेडिस यांनी दाखविलेला मार्ग होय.