मिखाईल कोश्किन

मिखाईल इल्यिच कोश्किन (जन्म : ३ डिसेंबर १८९८, मृत्यू : २६ सप्टेंबर १९४०) हे सोव्हिएत संघातील एक अभियंते होते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याचा मुख्य आधार ठरलेल्या टी-३४ या मध्यम रणगाड्याचे ते प्रमुख रचनाकार होत. तोफेचा मारा, चिलखताचे संरक्षण आणि हालचालीचा वेग या तिन्ही गोष्टी एकाच वाहनात समतोलपणे आणणे, हा विचार आजच्या मुख्य युद्ध रणगाड्याच्या मुळाशी आहे. टी-३४ ने तो फार मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणून दाखविला. आपला रणगाडा रणांगणावर उतरलेला पाहण्यास मात्र कोश्किन हयात नव्हते.

प्रारंभिक जीवन

कोश्किन यांचा जन्म रशियाच्या यारोस्लाव्ल प्रांतातील ब्रिन्चागी या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे घराचा भार आईवर पडला. कोश्किन लहान वयातच मॉस्कोला गेले आणि तेथील एका मिठाईच्या कारखान्यात काम करू लागले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात ते सैन्यात होते. क्रांतीनंतर १९१८ मध्ये ते लाल सेनेत दाखल झाले आणि यादवी युद्धात लढले.

१९२१ मध्ये त्यांनी मॉस्कोच्या स्वेर्दलोव्ह कम्युनिस्ट विद्यापीठात प्रवेश घेतला. १९२४ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांची नेमणूक व्यात्का येथे झाली. तेथे त्यांनी काही काळ एका मिठाईच्या कारखान्याचे व्यवस्थापन पाहिले व नंतर पक्षकार्य केले. १९२९ मध्ये, वयाच्या तिशीत, ते लेनिनग्राड येथे अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेले. १९३४ मध्ये पदवी मिळविल्यानंतर तेथील रणगाडा-रचना विभागात त्यांनी काम सुरू केले. जाड चिलखताच्या मध्यम रणगाड्यांच्या प्रायोगिक नमुन्यांवर त्यांनी येथे काम केले. या कार्याबद्दल १९३६ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ हा सन्मान मिळाला.

खार्कीव्हमधील नेमणूक

डिसेंबर १९३६ मध्ये कोश्किन यांची युक्रेनमधील खार्कीव्ह येथील रेल्वे इंजिन कारखान्याच्या रणगाडा-रचना विभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. या कारखान्यात बीटी मालिकेतील वेगवान रणगाडे तयार होत असत. बीटी-७ च्या गिअरबॉक्समध्ये वारंवार बिघाड होत असल्याने तेथील अधिकारी व अभियंते संशयाच्या छायेत होते. आधीचे विभागप्रमुख अफानासी फिर्सोव्ह यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि ते परत आले नाहीत. नव्या डिझेल इंजिनाची उभारणी करणारे अभियंते कॉन्स्टन्टिन चेल्पान यांनाही त्याच वर्षी अटक झाली आणि १९३८ मध्ये त्यांना देहदंड देण्यात आला. यांत्रिक दोषाला घातपात ठरविले जाण्याच्या या काळात वरिष्ठांच्या मागणीहून वेगळे मत मांडणे जिवावर बेतणारे होते. कोश्किन यांच्या पुढील निर्णयांचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

ए-२० आणि ए-३२

त्या काळी रणगाड्याचे पोलादी पट्टे लवकर झिजत. त्यामुळे बीटी रणगाड्यांचे पट्टे काढून ते रस्त्यावर नुसत्या चाकांवर चालविण्याची सोय केलेली होती. ही व्यवस्था मूळ अमेरिकन अभियंता वॉल्टर क्रिस्टी यांच्या रचनेवरून घेतलेली होती. सैन्याने नव्या रणगाड्यासाठीही हीच अट घातली आणि त्यानुसार ए-२० या नमुन्याची आखणी झाली. त्याचे वजन सुमारे १८ टन होते व त्यावर ४५ मिलिमीटरची तोफ होती.

दरम्यान स्पेनच्या यादवी युद्धात सोव्हिएत रणगाड्यांचे पातळ चिलखत लहान रणगाडाविरोधी तोफांपुढेही टिकत नसल्याचे दिसून आले होते. चाकांना गती देणारी गुंतागुंतीची यंत्रणा वजन वाढविते, बिघाडाला निमित्त देते आणि कारखान्यातील कामही अवघड करते, असे कोश्किन यांचे मत होते. ही यंत्रणा काढून टाकली तर वाचलेले वजन चिलखत आणि तोफ यांसाठी वापरता येईल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून त्यांनी केवळ पट्ट्यांवर चालणारा ए-३२ हा दुसरा नमुना सुचविला. १९३८ मध्ये झालेल्या चर्चांत अनेक लष्करी अधिकारी जुन्या पद्धतीच्या बाजूचे होते. तथापि स्टालिन यांनी दोन्ही नमुने तयार करण्यास संमती दिली.

१९३९ मध्ये दोन्ही नमुन्यांच्या चाचण्या झाल्या. ए-३२ वर ७६ मिलिमीटरची तोफ होती. त्याचे वजन सुमारे १९ टन होते. त्यावर जादा भार लादून ते २४ टनांपर्यंत नेले, तरी तो व्यवस्थित चालला. म्हणजे चिलखत आणखी जाड करण्यास वाव होता. यातूनच ४५ मिलिमीटर चिलखताचा ए-३४ हा नमुना पुढे आला. १९ डिसेंबर १९३९ रोजी तो टी-३४ या नावाने सैन्यात स्वीकारण्याचा निर्णय झाला. त्या दिवशी त्याचा एकही नमुना पूर्ण झालेला नव्हता.

टी-३४ ची वैशिष्ट्ये

टी-३४ चे वजन सुमारे २६ टन होते आणि त्यात चार सैनिक बसत. पुढील चिलखताचा पत्रा ४५ मिलिमीटर जाडीचा असला, तरी तो उभ्या रेषेपासून ६० अंशांनी कललेला होता. त्यामुळे समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला प्रत्यक्षात ९० मिलिमीटर पोलाद भेदावे लागे. शिवाय उतरत्या पृष्ठभागावरून गोळा घसरून जाण्याची शक्यताही वाढे. व्ही-२ हे १२ सिलिंडरचे डिझेल इंजिन सुमारे ५०० अश्वशक्तीचे होते. रुंद पट्ट्यांमुळे वजन जमिनीवर विभागले जाऊन चिखलात व बर्फात रणगाडा रुतत नसे. रस्त्यावर तो ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शके.

या रचनेत उणिवाही होत्या. बुरुजात केवळ दोघांना जागा असल्याने तुकडीप्रमुखालाच तोफ डागावी लागे. बाहेरचे दृश्य नीट दिसत नसे, गिअर बदलणे कष्टाचे होते आणि सुरुवातीच्या बहुतेक रणगाड्यांत रेडिओ नव्हता.

खार्कीव्ह ते मॉस्को प्रवास

१९४० च्या आरंभी टी-३४ चे पहिले दोन नमुने तयार झाले. मार्च महिन्यात ते मॉस्कोत राज्यकर्त्यांपुढे सादर करायचे होते. परंतु त्यापूर्वी चाचणीत आवश्यक असलेले अंतर त्यांनी पूर्ण केलेले नव्हते. तेव्हा रणगाडे रेल्वेने न पाठविता स्वतःच्या बळावर मॉस्कोला न्यायचे ठरले. सुमारे ७५० किलोमीटरचा हा प्रवास ५ मार्चच्या रात्री सुरू झाला. गुप्ततेसाठी मुख्य रस्ते व गावे टाळून बर्फाच्छादित शेतांतून आणि जंगलांतून मार्ग काढण्यात आला. कोश्किन स्वतः या ताफ्याबरोबर होते. १७ मार्च १९४० रोजी क्रेमलिनच्या आवारात स्टालिन व अन्य नेत्यांनी दोन्ही रणगाड्यांची पाहणी केली. पुढील चाचण्या आटोपून रणगाडे परतही स्वतःच्या बळावरच आले.

मृत्यू

या प्रवासातील थंडीने कोश्किन यांना न्यूमोनिया झाला. आजारपणातही ते उत्पादनातील अडचणी सोडविण्याच्या कामात गुंतलेले होते. पुढे प्रकृती खालावून त्यांचे एक फुफ्फुस काढावे लागले. २६ सप्टेंबर १९४० रोजी खार्कीव्हजवळील एका आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ४१ वर्षांचे होते. त्यांच्यामागे पत्नी व तीन मुली होत्या. युद्धकाळात खार्कीव्हमधील दफनभूमीची हानी झाली आणि त्यांची कबर नष्ट झाली.

युद्धकाळ आणि नंतरचा वारसा

कोश्किन यांच्यानंतर त्यांचे सहकारी अलेक्झांडर मोरोझोव्ह यांच्याकडे विभागाची सूत्रे आली. १९४० मध्ये जेमतेम शंभरावर टी-३४ तयार झाले होते. जून १९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण केले, तेव्हा जर्मन पायदळाच्या ३७ मिलिमीटर तोफा त्याच्या पुढील चिलखतापुढे निष्प्रभ ठरल्या. तरीही अपुरे प्रशिक्षण, यांत्रिक बिघाड आणि इंधन-दारूगोळ्याची टंचाई यांमुळे पहिल्या वर्षी असंख्य रणगाडे गमवावे लागले. त्याच वर्षी शरद ऋतूत कारखाना उरल भागातील निझ्नी तागील येथे हलविण्यात आला. स्टालिनग्राड, गोर्की व चेल्याबिन्स्क येथेही टी-३४ तयार होऊ लागले. रचना साधी असल्याने नवशिक्या कामगारांकडूनही, ज्यांत स्त्रिया व किशोरवयीन मुले मोठ्या संख्येने होती, तो बनवून घेता आला. कोश्किन यांनी साधेपणाचा धरलेला आग्रह येथे उपयोगी पडला. १९४४ मध्ये ८५ मिलिमीटरची तोफ व तिघांचा बुरूज असलेला टी-३४-८५ आल्याने आधीच्या रचनेतील एक मोठी उणीव दूर झाली. युद्धकाळात सर्व प्रकारचे मिळून ५० हजारांहून अधिक टी-३४ तयार झाले. जर्मनीने त्याला तोंड देण्यासाठी उतरविलेल्या पँथर रणगाड्यातही उतरत्या चिलखताचा अवलंब केलेला होता.

मोरोझोव्ह यांनी ही परंपरा टी-४४ व टी-५४ यांतून पुढे नेली. १९६० च्या दशकात खार्कीव्हमध्ये तयार झालेल्या त्यांच्या टी-६४ मध्ये अनेक थरांचे संमिश्र चिलखत आणि तोफेत गोळा आपोआप भरणारी यंत्रणा होती. निझ्नी तागील येथे टी-७२ व पुढे टी-९० यांची रचना झाली. भारतीय सैन्यात हे दोन्ही अनुक्रमे ‘अजेय’ व ‘भीष्म’ या नावांनी ओळखले जातात व चेन्नईजवळील आवडी येथील कारखान्यात त्यांचे उत्पादन झाले आहे. त्यांची डिझेल इंजिने खार्कीव्हच्या व्ही-२ इंजिनाच्याच वंशातील आहेत.

सन्मान

१९४२ मध्ये टी-३४ च्या रचनेबद्दल कोश्किन यांना मरणोत्तर स्टालिन पारितोषिक देण्यात आले. १९९० मध्ये ‘समाजवादी श्रमवीर’ हा सोव्हिएत संघाचा सर्वोच्च नागरी किताब त्यांना मरणोत्तर प्रदान करण्यात आला. तोपर्यंत त्यांच्या मृत्यूला ५० वर्षे झाली होती.