हेमाद्री पंडित
हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत (इ.स.चे १३ वे शतक) हे देवगिरीच्या यादवांचे मंत्री, धर्मशास्त्रकार व प्रशासक होते. राज्याच्या लेखी कारभाराला त्यांनी शिस्त लावली, अशी त्यांची ख्याती आहे.

जीवन
हेमाद्री हे वत्सगोत्री ब्राह्मण असून त्यांच्या वडिलांचे नाव कामदेव होते. महादेव यादव (कारकीर्द सुमारे १२६१–१२७१) यांच्या दरबारात ते श्रीकरणाधिप होते. महादेवांचा पुत्र आमण याला दूर सारून रामचंद्र यादव गादीवर आले, तरीही हेमाद्रींचे पद कायम राहिले. व्याकरणकार बोपदेव यांना त्यांचा आश्रय होता.

प्रशासन
‘करण’ म्हणजे लेखनकचेरी. आज्ञा, दानपत्रे आणि हिशेब यांचे दप्तर सांभाळणाऱ्या या खात्याचा प्रमुख तो श्रीकरणाधिप. पत्र कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे, हिशेब कसा मांडावा यांविषयीचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ परंपरेने हेमाद्रींच्या नावावर आहे. ठरलेल्या नमुन्यामुळे कारकून बदलला तरी कामाची रीत बदलत नसे.

मोडी लिपीचे श्रेयही परंपरा त्यांना देते. तिच्या उगमाविषयी मात्र मतभेद आहेत. अक्षरे जोडून, हात शक्यतो न उचलता लिहिण्याच्या या पद्धतीने लेखनाचा वेग वाढला. मराठेशाहीचे दप्तर मुख्यतः याच लिपीत आहे.

ग्रंथरचना
‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष व परिशेष अशी त्याच्या खंडांची योजना असून विखुरलेली शास्त्रवचने त्यात विषयवार लावली आहेत. व्रतखंडाच्या आरंभीची राजप्रशस्ती यादव घराण्याच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरली. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथावर त्यांनी ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली.

मूल्यमापन
चुन्याविना दगड सांधून बांधलेल्या मंदिरांना ‘हेमाडपंती’ म्हणतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे मंदिर हे त्याचे परिचित उदाहरण होय. तथापि ही शैली हेमाद्रींपूर्वीची आहे. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० मधील आहे. महानुभाव परंपरेत त्यांचे नाव चक्रधरस्वामींच्या छळाशी जोडले जाते. बाजरीच्या प्रसाराचे श्रेयही लोकपरंपरा त्यांना देते. अशा आख्यायिका वगळल्या तरी करणाचा अधिपती आणि शास्त्रवचनांचा संग्राहक ही त्यांची ओळख उरतेच.