वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया : पाचारण आणि धैर्य

परमेश्वराचे पाचारण आपणांस झाले आहे याची खूण कोणती, हा प्रश्न आमच्या समाजातील अनेक घरांत विचारला जातो. मुलगा सेमिनरीत जावयाचे म्हणतो, अथवा मुलगी मठाची वाट धरण्याची इच्छा दाखविते, तेव्हा आईबापांना हर्ष होतो आणि त्याच वेळी काळजीही वाटते. ही तरुण वयातील ऊर्मी तर नव्हे? वरिष्ठांनी नकार दिला, तर तो देवाचाच नकार समजावा काय? अशा विचारांत पडलेल्या कुटुंबांसाठी वसईच्या मातीनेच एक चरित्र राखून ठेविले आहे. ते या स्मरणिकेतून वाचकांपुढे ठेवताना आम्हांस समाधान वाटते.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे येथे किल्ला, देवळे आणि मठ उभे राहिले. अशा या वसईत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, तर आई याच भूमीची कन्या. त्यांना आपल्या ज्ञातीत ओढून घेण्याचा मोह वसईतील कोणत्याही समाजास व्हावा हे स्वाभाविक आहे. आम्हीही त्यास अपवाद नाही. परंतु दोन कुळांचे रक्त ज्यांच्या अंगी एकवटले होते, त्यांचा वारसा एकाच ज्ञातीच्या नावे लावणे योग्य होणार नाही. त्यांचा वारसा जो चालवील, त्याचे ते.

किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या देखरेखीखाली गोन्सालो यांचे शिक्षण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ साली जपानच्या भूमीवर पाऊल ठेविले होते, आणि त्यानंतर त्या दूरच्या देशाची ओढ अनेकांना लागली होती. वयाच्या अवघ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी गोन्सालो हेही येशूसंघीयांसमवेत जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. या काळात जपानी भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की तेथील लोकांशी ते मोकळेपणाने संवाद करू लागले.

इतकी वर्षे सेवा केल्यानंतर आपणांस संघात प्रवेश मिळेल, अशी त्यांना आशा होती. परंतु ती पूर्ण झाली नाही. त्यांच्या जीवनातील हा प्रसंग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या दारासमोर कोवळ्या वयापासून सेवा केली, ते दार उघडत नाही, असे दिसल्यावर मनुष्य सहसा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. तो दार बंद करणाऱ्यांवर रुसतो, नाही तर आपली इच्छाच खोटी होती असे ठरवून मोकळा होतो. गोन्सालो यांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी व्यापार पत्करला, पूर्वेकडील बंदरांत त्यांचा जम बसला आणि हाती पैसाही आला. एखाद्याने ही सुस्थिती हाच देवाचा कौल मानला असता. त्यांच्या अंतःकरणातील हाक मात्र शांत झाली नाही. हाकेचे खरेपण यावरूनच ओळखावे, असे आम्हांस वाटते. अपयशाने ती विझत नाही आणि सुखातही ती झोपत नाही.

व्यापाराच्या निमित्ताने त्यांचा मनिला शहराशी संबंध आला. तेथे फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंशी त्यांचा स्नेह जुळला. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या दारिद्र्यव्रताचा मार्ग त्यांना भावला, आणि १५८७-८८ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, धंदा सोडून ते त्या संघात प्रविष्ट झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत, तर साधे संन्यासी बंधू झाले. वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार या बंधूंना नसतो. मठातील कष्टाची व सेवेची कामे त्यांच्या वाट्याला येतात. मानमरातबाचा लोभ असता, तर चांगला चाललेला व्यापार सोडून ही जागा कोणी पत्करली नसती.

याच सुमारास जपानात काळ पालटला होता. तेथील सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारकांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला होता. पुढे त्याने फिलिपाईन्सच्या स्पॅनिश सत्तेकडेही शरणागतीची मागणी केली. त्याच्याशी बोलणी करण्यासाठी १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नराने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून धाडले. त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून गेले बंधू गोन्सालो. ज्या राजापुढे भलेभले सरदार थरथरत, त्याच्यासमोर वसईचा हा साधा बंधू उभा राहिला आणि एका राजसत्तेचा निरोप दुसरीस समजावून सांगू लागला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या आठ वर्षांचे फळ पदरी पडले नाही असे गोन्सालो यांना कधीकाळी वाटले असेल, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता देवाच्या कार्यास लागली. पाचारणाची खात्री त्यांना आकाशवाणीने झाली नाही. आपल्या हातचे काम प्रामाणिकपणे करीत असता, त्या कामाचा अर्थ पुष्कळ काळानंतर उलगडला, हीच त्यांची खात्री.

बोलणी सफळ होऊन साधूंना जपानात राहण्याची मुभा मिळाली. क्योटो नगरात त्यांनी १५९४ मध्ये देऊळ उभारले, रुग्णालये काढली आणि समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. परंतु ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. माल जप्त झाला, त्यावरून वाद माजला, आणि धर्मप्रसारकांच्या मागोमाग स्पॅनिश सैन्य येईल हा संशय बळावला. डिसेंबरात हिदेयोशीच्या आज्ञेने क्योटो व ओसाका येथे धरपकड झाली. बंधू गोन्सालोही पकडले गेले.

जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योटोत या कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची शहरातून धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात त्यांना दूरवरच्या नागासाकीकडे चालविण्यात आले. हा प्रवास सुमारे महिनाभर चालला. आरंभी ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघेजण त्यांच्यात सामील झाल्याने ते सव्वीस झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडून ठेविले होते. टेकडीवर सर्वांआधी गोन्सालो पोहोचले, आपला क्रूस कोणता हे त्यांनी विचारून घेतले आणि गुडघे टेकून त्यास आलिंगन दिले, असा वृत्तान्त सांगतात. मग सर्वांस क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते. ज्या येशूसंघात त्यांना प्रवेश मिळाला नव्हता, त्याच संघाचे पाउलो मिकी व अन्य दोघे त्यांच्याच रांगेत होते. मनुष्यांनी निरनिराळी ठेविलेली दारे देवाने अखेर एकाच अंगणात उघडली.

१६२७ मध्ये पोप आठवे उर्बन यांनी या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत हा मान आपल्या वसईकराचा. २००८ साली केरळच्या संत अल्फोन्सा यांना तो बहुमान लाभेपर्यंत भारतातून दुसरे नाव त्यांच्या जोडीस आले नव्हते. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. इकडे वसईत १७३९ साली मराठ्यांनी किल्ला जिंकल्यानंतर तेथील देवळे ओस पडली. तरीही नाव पुसले गेले नाही. गासचे चर्च आणि वसईचे महाविद्यालय ते नाव आजही धारण करतात.

परंतु चर्च व विद्यालय यांना नाव देऊन आपले ऋण फिटत नाही. आमच्या ज्ञातिबांधवांस आमची विनंती एवढीच की, घरातील मुलगा वा मुलगी देवाच्या सेवेची इच्छा बोलून दाखवील तेव्हा तिला हसू नये, तशीच घाईही करू नये. तिला काम द्यावे, काळ द्यावा. पहिल्या नकाराने खचलेल्या लेकरास गोन्सालो यांची कथा सांगावी. आणि ज्यांना संन्यास नव्हे, तर संसार वा व्यवसाय हेच पाचारण आहे, त्यांनीही स्मरावे की त्या सव्वीसांत सतरा जण प्रापंचिकच होते. धैर्याची देणगी मठापुरती राखून ठेविलेली नाही.

संत गोन्सालो गार्सिया आमच्या घराघरांसाठी प्रभूजवळ विनवणी करोत, हीच प्रार्थना.