हुडिनीची पाण्याची पेटी आणि आपलं शेअर बटण: जादूची ट्रिक कुणाच्या मालकीची?

‘जादूगाराची ट्रिक उघड’ असं लिहिलेली एक तरी रील माझ्या फोनवर रोज येते. तुमच्याही येत असेल. लाल बाण, स्लो मोशन, आणि पंधरा सेकंदांत कुणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत सगळ्यांसमोर उघडी. अशी रील बनवणं कायद्याने गुन्हा आहे का? आणि नसेल, तर ते बरोबर आहे का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं शोधताना मी एकाच माणसापाशी येऊन थांबतो, तो म्हणजे हॅरी हुडिनी. या माणसाने स्वतःची गुपितं जिवापाड जपली आणि दुसऱ्यांची तितक्याच जोरात फोडली.

एरिक वाइसचा हुडिनी कसा झाला?

जन्म २४ मार्च १८७४, बुडापेस्ट. खरं नाव एरिक वाइस, वडील ज्यू धर्मगुरू. तो चार वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावी आलं. घरी गरिबी, त्यामुळे पोर लहान वयातच कामाला लागलं. रॉबेर-हुदँ या फ्रेंच जादूगाराचं आत्मचरित्र वाचून तो इतका भारावला की त्याच्याच नावावरून त्याने ‘हुडिनी’ हे नाव घेतलं.

सुरुवातीची वर्षं हलाखीची होती. बायको बेससोबत तो छोटे-मोठे खेळ करायचा. १८९९ मध्ये मार्टिन बेक या मॅनेजरची नजर त्याच्यावर पडली. बाकी सगळं सोड आणि बेड्यांतून सुटण्यावर भर दे, असा बेकचा सल्ला होता. पुढच्याच वर्षी हुडिनी युरोपात गेला आणि गाजला. पोलिसांनी घातलेल्या बेड्या तो काढून दाखवायचा.

जर्मनीत मात्र कोलोनच्या एका पोलीस अधिकाऱ्याने तो लोकांना फसवतो असा जाहीर आरोप केला. हुडिनी गप्प बसला नाही, थेट कोर्टात गेला. तिथे साखळीतून कसं सुटतो हे त्याला न्यायाधीशांसमोर करून दाखवावं लागलं आणि १९०२ मध्ये तो खटला जिंकला. म्हणजे अब्रू वाचवायची तर गुपित थोडं उघडावं लागतं, हे त्याला तिशीच्या आतच कळलं होतं.

कॉपी-पेस्टचा त्रास तेव्हाही होताच

१९०८ मध्ये त्याने दुधाच्या कॅनचा खेळ आणला. पाण्याने भरलेल्या मोठ्या कॅनमध्ये स्वतःला कोंडून घ्यायचं, वरून कुलपं लावायची आणि बाहेर यायचं. लोक वेडे झाले, पण लवकरच नकलाही सुरू झाल्या. मग त्याने त्याहून जबरदस्त पेटी बांधून घेतली. तिची पुढची बाजू काचेची. पाय वरच्या झाकणात अडकवायचे, उलटं टांगून पाण्यात सोडायचं, झाकणाला कुलूप आणि पुढे पडदा.

आता ही पेटी नकलांपासून वाचवायची कशी? तुम्ही म्हणाल, पेटंट घ्यायचं. इथेच खरी गोम आहे. पेटंट म्हणजे गुपित जपणं नव्हे. पेटंट हा सरकारशी केलेला सौदा असतो. तुम्ही तुमची युक्ती आकृत्यांसकट जगाला सांगता आणि बदल्यात काही वर्षं तिच्यावर तुमचा एकट्याचा हक्क राहतो. ती कागदपत्रं कुणीही वाचू शकतं. जादूगारासाठी हा सौदा बऱ्याचदा तोट्याचाच.

म्हणून हुडिनीने नाटकाचा रस्ता धरला. १९११ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला त्याने हा खेळ एकांकिका म्हणून सादर केला. प्रेक्षक किती? फक्त एक! गर्दी त्याला नकोच होती. नाटक म्हणून प्रयोग झाला की सादरीकरणाचा हक्क नावावर लागतो, एवढंच त्याला हवं होतं. मोठ्या प्रेक्षकांसमोर पेटी आली ती पुढच्या वर्षी, बर्लिनच्या सर्कशीत.

पेटंट त्याने घेतलंच नाही असं मात्र नाही. पाणबुड्यांना अडचणीत पटकन अंगावेगळा करता येईल असा पोशाख त्याने बनवला होता. १९२१ मध्ये त्याचं पेटंट त्याला मिळालं. ती युक्ती जगाला कळली तर जीव वाचणार होते. पेटीची युक्ती कळली असती, तर फक्त खेळ मेला असता.

त्याच काळातल्या होरेस गोल्डिन या जादूगाराने उलट केलं. बाईला करवतीने कापण्याच्या खेळाचं पेटंट त्याने १९२३ मध्ये घेतलं. दहा वर्षांनी एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत तीच युक्ती चित्रांसह छापली. गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८ मध्ये हरला. स्वतःहून जाहीर केलेल्या गोष्टीला गुपित कसं म्हणणार?

हुडिनीची दुसरी बाजू

तो संत नव्हता. ज्या रॉबेर-हुदँचं नाव त्याने घेतलं, त्याच्यावरच दुसऱ्यांच्या ट्रिक्स चोरल्याचा आरोप करणारं पुस्तक त्याने १९०८ मध्ये लिहिलं. त्यातली बरीच टीका अन्यायाची होती असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. १९१० मध्ये बेड्या कशा उघडतात याचंही पुस्तक काढलं, आणि त्याचा फटका त्याची नक्कल करून पोट भरणाऱ्यांना बसणार होता. स्वतःच्या मदतनीसांकडून मात्र तो गुप्ततेची लेखी शपथ घ्यायचा. आजच्या भाषेत एनडीए. स्वतःचं झाकायचं आणि दुसऱ्याचं उघडायचं, हा दुटप्पीपणा मला खटकतो.

पण त्याने केलेली सगळी फोडाफोड एकाच मापाने मोजता येत नाही. १९१३ मध्ये त्याची आई गेली आणि तो कोसळला. १९२२ मध्ये शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीने, आईचा आत्मा आपल्यामार्फत लिहितो आहे असं सांगून त्याच्यासाठी पानंच्या पानं लिहिली. मजकूर इंग्रजीत होता आणि वर क्रॉस काढलेला. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि ती एका ज्यू धर्मगुरूची बायको होती. हुडिनी आणि डॉयल यांची मैत्री तिथून तुटत गेली.

त्यानंतर तो मृतांशी बोलून देतो म्हणणाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागला. १९२४ मध्ये बॉस्टनची एक प्रसिद्ध बाई अंधारात आत्म्याकडून घंटी वाजवून दाखवायची. तिच्या बैठकीला जाण्याआधी हुडिनीने दिवसभर पायाला घट्ट पट्टी बांधून ठेवली, म्हणजे कातडी हुळहुळी होईल आणि तिचा पाय सरकला की लगेच कळेल. तसा तो सरकला, असं त्याने सचित्र पुस्तिका काढून जाहीर केलं. १९२६ मध्ये भविष्य सांगून पैसे घेण्यावर बंदी घालणाऱ्या विधेयकासाठी त्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. विधेयक काही मंजूर झालं नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला अपेंडिक्स फुटल्याने डेट्रॉइटमध्ये तो गेला. वय फक्त ५२. खेळाचं सामान धाकट्या भावाकडे गेलं.

मग आपण काय करायचं?

भारतात काय स्थिती आहे, थोडक्यात सांगतो.

- नुसत्या युक्तीवर कॉपीराइट नसतो. डोकं लावून तुम्ही ट्रिक ओळखली आणि सांगितली, तर सहसा गुन्हा होत नाही.
- सादरीकरणाला संरक्षण आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलाकार’ या शब्दाच्या व्याख्येत जादूगार आणि गारुडी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परवानगीशिवाय त्यांचा शो शूट करून अपलोड करणं महागात पडू शकतं.
- लेखी करार केला असेल तर तो पाळावा लागतो. मदतनीस म्हणून काम करताना गुप्ततेची सही केली असेल, तर गुपित फोडणं हा करारभंग होतो.

हा झाला कायदा. बरोबर-चूक ठरवायला मी हुडिनीच्या आयुष्यातूनच एक प्रश्न उचलतो: गुपित फुटल्यावर कोण वाचतं आणि कोण बुडतं? बॉस्टनच्या बैठकीतलं गुपित फुटलं तेव्हा दुःखातली माणसं लुबाडली जाण्यापासून वाचणार होती. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बुवा-बाबांचे ‘चमत्कार’ आधी करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती सांगतात, तेही याच जातीचं काम. महाराष्ट्रात तर तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं २०१३ पासून गुन्हा आहे. असा व्हिडिओ बिनधास्त शेअर करा.

पण रंगमंचावरचा जादूगार तुम्हाला फसवत नसतो. ही जादू आहे, खरी नाही, हे तिकीट काढतानाच तुम्हाला माहीत असतं. त्याची ट्रिक फोडली तर कुणीच वाचत नाही. बुडतो तो फक्त तोच, आणि पुढच्या शोला आलेल्या एखाद्या लहान मुलाचं आश्चर्य.