राज्य आणले, पण खुर्ची नाही

गावच्या सोसायटीपासून मुंबईच्या सचिवालयापर्यंत काँग्रेसच काँग्रेस, अशा काळात एस. एम. जोशी विरोधात उभे राहिले. १९०४ साली जुन्नरला जन्मलेले एसेम पुण्यात शिकले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले अन् समाजवादी झाले.

फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती निघाली. सरचिटणीस एसेम. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप यांची तोंडे निरनिराळ्या दिशांना, पण मोट त्यांनी बांधून धरली. १९५७ ला ते पुण्यातून आमदार झाले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर आले, तेव्हा निदर्शनाला खेड्यापाड्यांतून माणूस लोटला. तरी सारे शांततेत पार पडले.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मंगल कलश मात्र यशवंतरावांच्या हाती. १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या आणि पुण्यात खुद्द एसेम पडले. म्हणून काही ते सत्तेच्या दारी गेले नाहीत. १९६७ ला पुणेकरांनीच त्यांना लोकसभेत धाडले.

१ एप्रिल १९८९ ला एसेम गेले. मंत्रिपद कधी घेतले नाही. पण सरकारी कागदावर आपण महाराष्ट्र शासन असे वाचतो, त्यात या माणसाचा घाम आहे.