‘काम काय करता?’ असं विचारणारे डॉक्टर : बर्नार्दिनो रामाझिनी

सेफ्टी ऑडिट, पीपीई किट, औद्योगिक आरोग्य हे शब्द आज प्रत्येक मोठ्या कंपनीच्या गेटवर वाचायला मिळतात. पण कामगार त्याच्या कामामुळेच आजारी पडतो, हे एकेक धंदा घेऊन सविस्तर मांडलं ते इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरांनी, १७०० साली. त्यांना ही वाट दाखवली मैला उपसणाऱ्या एका कामगाराने. म्हणूनच हे चरित्र चळवळीतल्या तरुणांना माहीत असायला हवं.

रामाझिनींचा जन्म १६३३ चा, उत्तर इटलीतल्या कार्पी गावचा. १६५९ मध्ये पार्मा विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. काही वर्षं रोमच्या उत्तरेकडच्या ग्रामीण भागात डॉक्टरकी केली, पण तिथे मलेरियाने गाठलं आणि गावी परतावं लागलं. १६७१ मध्ये ते मोदेना शहरात आले आणि १६८२ मध्ये तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

मोदेनाची वस्ती दाट, घरं उंच आणि एकमेकांना चिकटलेली. घराखालचे मैल्याचे खड्डे दर तीन वर्षांनी उपसावे लागत. एकदा रामाझिनींच्याच घरी हे काम चालू होतं. त्यातला एक कामगार जिवाच्या आकांताने हात चालवत होता. इतकी घाई कशासाठी, असं त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं, की या खड्ड्यात चार तासांपेक्षा जास्त राहिलं तर डोळे जातात. आत उतरल्याशिवाय हे कोणाला कळायचं नाही. तो वर आल्यावर रामाझिनींनी त्याचे डोळे तपासले. ते लालभडक झाले होते, नजर धूसर झाली होती. यावर काय करता, असं विचारल्यावर कळलं, की घरी जायचं, अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहायचं आणि कोमट पाण्याने डोळे धुवायचे.

रामाझिनी तिथेच थांबले नाहीत. शहरात भीक मागणाऱ्या आंधळ्यांपैकी काही जण पूर्वी हेच काम करणारे होते, हे त्यांच्या लक्षात आलं. या कामगारांच्या खिशातली चांदीची आणि तांब्याची नाणी काळी पडतात, हेही त्यांनी नोंदवलं. हायड्रोजन सल्फाइड हे नाव त्या काळी कोणाला ठाऊक नव्हतं, पण त्याची खूण त्यांनी टिपली होती. चेहऱ्यावर पारदर्शक पडदा बांधा आणि डोळे वारंवार धुवा, असा सल्ला त्यांनी दिला. ज्या कामगाराने हे सगळं सांगितलं, त्याचं नाव मात्र पुस्तकात नाही.

त्यानंतर ते कारखान्यांत, कार्यशाळांत, खाणकामगारांत फिरले. खाणकामगारांच्या आजारांवर आधीही लिहिलं गेलं होतं. रामाझिनींनी चाळीसच्या आसपास धंदे घेतले. शिशाने हात लुळे पडणारे कुंभार, पाऱ्याच्या वाफेत काम करणारे मुलामा देणारे, विणकर, धोबिणी, सुइणी, दिवसभर बसून लिहिणारे कारकून. आजाराची दोन मूळ कारणं त्यांनी सांगितली. एक, हाताळावा लागणारा घातक माल. दुसरं, शरीराला न मानवणारी हालचाल आणि बसण्या-उभं राहण्याची पद्धत. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून डॉक्टर रुग्णाला जे प्रश्न विचारत आले, त्यात त्यांनी एकाची भर घातली : तुम्ही काम काय करता?

त्यांनी लिहून ठेवलेली एक घटना आजच्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. मोदेनाच्या एका व्यापाऱ्याचा फिनाले या गावात रसायनाचा कारखाना होता. त्याच्या धुराने लोक मरतात, कारखाना गावाबाहेर हलवा, असा दावा गावातल्या एका नागरिकाने लावला. पुराव्यासाठी चर्चच्या मृत्यूनोंदी काढल्या. कारखान्याच्या आसपास मृत्यू जास्त होते. दोन्ही बाजूंनी कागदोपत्री वाद झाला आणि निकाल कारखान्याच्या बाजूने लागला.

१७०० मध्येच रामाझिनी पादुआ विद्यापीठात गेले. म्हातारपणी दृष्टी अधू झाली, तरी १७१३ मध्ये आणखी बारा धंद्यांची भर घालून त्यांनी दुसरी आवृत्ती काढली. १७१४ मध्ये पादुआतच त्यांचं निधन झालं. त्यांच्या मर्यादाही होत्या. त्यांचा भर सल्ल्यावर आणि उपचारावर राहिला. मालकाला कायद्याने बांधण्याचं काम पुढच्या पिढ्यांनी केलं.

आपल्याकडे तो खड्डा अजून बुजलेला नाही. फरक इतकाच, की इथे त्यात कोण उतरणार हे जातीने ठरतं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी घातली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. दगडखाणीतल्या मजुराला खोकला येतो, टीबीच्या गोळ्या सुरू होतात. किती वर्षं धूळ खाल्ली हे न विचारल्यामुळे सिलिकोसिस निदानाशिवाय राहून जातो.

कामाच्या जागी जाऊन पाहणं आपल्याला नवं नाही. डिसेंबर १९४३ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेब स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले होते. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण विहारांत आरोग्य शिबिरं घेतो. केसपेपरवर नाव, वय, वजन, बीपी असतं. त्यात चार ओळी वाढवा : काम काय, किती वर्षं, कोणत्या मालाशी संबंध, ठेकेदार कोणती साधनं देतो. वस्तीवार वही ठेवा आणि दरवर्षी तीच माणसं पुन्हा तपासा. फिनालेत मृत्यूंची नोंद हातात असूनही दावा हरला. आपल्या बहुतेक वस्त्यांत तर अजून नोंदच झालेली नाही.