विद्यापीठाच्या उंबरठ्यावर बाबासाहेब

बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्या आपल्या विहारात येणाऱ्या लहान मुलांनाही पाठ आहेत. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. भाषणात त्या एका दमात म्हटल्या जातात आणि टाळ्या पडतात. पण प्रत्येक पदवीच्या आधी एक प्रवेश असतो, आणि प्रवेशाच्या मागे फी, शिफारस, मुदत, घरखर्च अशी सगळी वरात असते. तिथे बाबासाहेबांचे काय हाल झाले हे आपण फारसे बोलत नाही. जून-जुलैत मार्कशीट आणि जातीचा दाखला घेऊन कॉलेजच्या खिडकीपुढे ताटकळणाऱ्या आपल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना तीच गोष्ट जास्त जवळची आहे, म्हणून इथे तेवढीच सांगतो.

पहिला नकार शाळेतच मिळाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही म्हणून शिक्षक अडून बसले. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. वडील, सुभेदार रामजी, यांची पेन्शन तुटपुंजी. पोराला पुस्तक हवे असले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा एखादा दागिना उसना आणायचे, तो मारवाड्याकडे गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत हा अभ्यास चालला.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. गुण पडले ७५० पैकी २८२. टक्के काढले तर साडेसदतीसच्या आसपास. हा आकडा सांगायला आपल्याकडचे काही वक्ते कचरतात. का कचरावे? त्या काळची मॅट्रिक फार कडक होती, आणि हा मुलगा कुठल्या घरातून, कुठल्या उजेडात अभ्यास करून बसला होता तेही बघायला हवे. समाजाने त्यांचा सत्कार केला. सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या हाती दिले. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश झाला खरा, पण पुढे रामजींच्याने खर्च झेपेना. तेव्हा केळूसकर गुरुजी त्यांना श्रीमंत सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि बडोदे संस्थानची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहाच काय, पाणीसुद्धा देत नव्हता. म्हणजे प्रवेश मिळाला तरी तो वर्गाच्या दारापुरताच होता.

१९१३ च्या आरंभी ते बी.ए. झाले आणि बडोद्याच्या नोकरीत गेले. २ फेब्रुवारीला वडील वारले. त्याच वर्षी, शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन असा करार लिहून देऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथली तीन वर्षे अभ्यासाच्या दृष्टीने सुखाची गेली. १९१५ मध्ये एम.ए. झाले.

खरी कसोटी लंडनची. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. वर्षही पुरे झाले नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परत यावे लागले. आता बघा, अशा वेळी सामान्य विद्यार्थी खचतो, गुपचूप गाशा गुंडाळतो आणि झालेला प्रवेश वाया जातो. बाबासाहेबांनी निघण्यापूर्वी प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाची परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. नुसता हुशार असून भागत नाही, नियम वाचावा लागतो. त्यांनी तो वाचला होता.

त्या चार वर्षांचे घड्याळ मग डोक्यावर टिकटिकत राहिले. ज्या बोटीने पुस्तके पाठवली ती महायुद्धात पाणतीराने बुडाली. बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले, हे सर्वांना ठाऊक आहेच. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापक झाले. एवढा पगार असूनही मुक्काम परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, कारण लंडनसाठी पै-पै साठवायची होती. माता रमाईंच्या हाती ठरावीक रक्कम पडे आणि तेवढ्यात त्यांनी सगळे घर चालवले. ही काटकसर कोणत्याही पदवीच्या कागदावर नोंदलेली नाही.

साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये कर्ज, एवढी जुळवाजुळव करून जुलै १९२० मध्ये ते निघाले. मुदतीचे एकच वर्ष उरले होते. लंडनमध्ये सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भुकेला पापडाचा आधार. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर. त्याच वर्षी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातले होते, तिथे शिक्षण पुढे गेले नाही. डी.एस्सी.चा रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहून आणायला सांगितला. पैसे संपले होते. मुंबईला येऊन त्यांनी तो सुधारून पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली.

कोलंबियाची पीएच.डी. तर याहून उशिरा. प्रबंध १९१७ मध्येच मान्य झाला होता, पण तो छापून प्रती विद्यापीठाला द्याव्यात असा नियम होता. १९२५ मध्ये पुस्तक निघाले, ते त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केले. पदवी हाती आली १९२७ मध्ये. दहा वर्षे केवळ छपाईसाठी!

हे सगळे अंगावरून गेलेला माणूस पुढे कॉलेज काढतो तेव्हा कुणासाठी काढतो ते पाहावे. केंद्रात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मंजूर करवून घेतल्या आणि काही मुले परदेशी धाडली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेही लष्कराच्या बराकींत. वर्ग सकाळी भरत. दिवसा नोकरी करून घर चालवणाऱ्या पोरांनाही शिकता यावे, हा त्यामागचा हेतू होता.

मग १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज. मराठवाड्यातल्या मुलाला तोवर पदवीसाठी हैदराबादची नाहीतर दुसरी दूरची वाट धरावी लागे. त्याला पुढे मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. मिलिंद राजा भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत असे. ज्याला संस्कृतच्या वर्गात बसू दिले नव्हते, त्याने आपल्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले.